समुद्रात बेपत्ता झालेल्या खापरपणजोबांचा शोध कुठून सुरू करायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही उत्तर कळेल. तुमचं घर वाई तालुक्यातलं. खापरपणजोबा हळदीची पोती घेऊन मुंबईला निघाले आणि समुद्रात गेले, एवढंच घरात सांगतात. मुलगा, म्हणजे तुमचे पणजोबा, तेव्हा पाच वर्षांचा होता. पणजोबा १९६१ साली वारले, वय ८३ सांगतात. खापरपणजोबांचं श्राद्ध कार्तिक अमावास्येला होतं. त्यांच्या बायकोनं बारा वर्षं कुंकू पुसलं नाही, असं तुमच्या आजी सांगायच्या. आजींनी हे स्वतः त्या म्हाताऱ्या आजेसासूच्या तोंडून ऐकलं होतं. आता एक चुलतभाऊ म्हणतात ती १८८८ ची ‘विजली’ बोट, दुसरे म्हणतात १८८२ चं मुंबईचं चक्रीवादळ. येत्या कुलमेळाव्यात वंशावळीच्या फलकावर बोटीचं नाव कोरायचं ठरलंय. ट्रंकेत एक मोडी कागद आहे, तो कुणाला वाचता येत नाही.

पहिली विनंती : फलकाचं काम थांबवा. वीस वर्षांपूर्वी कोरेगावकडच्या एका घराला मीच ‘विजली’चं नाव सांगितलं होतं. महिना जुळत होता, कहाणी जुळत होती, घरच्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी देवघराशेजारी नाव कोरलं. पुढं दुसऱ्याच कामासाठी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत जुन्या सूच्या चाळताना त्याच गृहस्थांचं १८९० सालचं गहाणखत हाताला लागलं. बोट बुडून दोन वर्षं झाल्यावर माणूस जिवंत होता आणि जमीन गहाण ठेवत होता. त्या घरी जाऊन हे सांगणं मला फार जड गेलं. म्हणून आता मी कुणालाही बोटीपासून सुरुवात करू देत नाही.

तुमच्या भावांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी मात्र तपासून घेऊ.

१८८२ चं वादळ सोडून द्या. ६ जून १८८२ रोजी मुंबईवर चक्रीवादळ येऊन लाखभर माणसं मेली, असं अनेक ठिकाणी छापलेलं सापडेल. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आणि हवामानाच्या नोंदींत असा प्रलय कुठंही नाही. अभ्यासकांनी तो शोधून पाहिला आणि हाती काही लागलं नाही. मुंबईला खरोखर झोडपणारं वादळ १८५४ च्या नोव्हेंबरात आलं होतं आणि त्यात बंदरातली जहाजं फुटली होती. पण ते तुमच्या पणजोबांच्या जन्माच्या कितीतरी आधी. शिवाय जूनचा आरंभ म्हणजे ज्येष्ठ, आणि तुमचं श्राद्ध कार्तिकातलं.

‘विजली’चा विचार मात्र नीट करावा लागेल, कारण ती खरी आहे आणि तिचा महिनाही जुळतो. तिचं कागदावरचं नाव ‘वैतरणा’. शेफर्ड कंपनीची आगबोट, १८८५ मध्ये स्कॉटलंडात ग्रेंजमथला बांधलेली. विजेचे दिवे होते म्हणून लोक ‘विजली’ म्हणायचे. ८ नोव्हेंबर १८८८, गुरुवार, या दिवशी ती कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली. द्वारकेला उतारू घेतले. हवा बिघडल्यामुळं पोरबंदरला न थांबता पुढं गेली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यापुढं नाहीशी झाली. सातशेहून जास्त माणसं होती. बोटीचा सांगाडासुद्धा कधी सापडला नाही. पंचांगानं तो दिवस शके १८१०, सर्वधारी नाम संवत्सर, कार्तिक शुद्ध पंचमी.

आता तुमची तिथी अमावास्या. पंचमी आणि अमावास्या जुळत नाही म्हणून तुम्ही गोंधळलात, तसं पत्रात लिहिलंय. इथं धर्मशास्त्राचा एक साधा नियम माहीत हवा. मृत्यूची तिथी कळली नाही, पण महिना ठाऊक असला, तर त्या महिन्याच्या अमावास्येला श्राद्ध करायचं. महिनाही ठाऊक नसला, तर माणूस घरातून निघाला तो दिवस किंवा महिना धरतात. म्हणजे तुमची कार्तिक अमावास्या ही मृत्यूची तारीख बहुधा नाहीच. भटजींनी नियमानं काढून दिलेली ती तिथी आहे. तिच्यातून एवढंच कळतं, की घरच्यांना तिथी माहीत नव्हती आणि कार्तिक महिन्याशी काहीतरी संबंध होता : बुडण्याचा किंवा निघण्याचा. पितृपंधरवड्यात त्यांचा म्हाळ कधी घालता, तेही मला कळवा. घातचतुर्दशीला घालत असाल, तर अपघाती मृत्यू घरानं मान्य केला होता. सर्वपित्रीला घालत असाल, तर तिथीचा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नव्हता.

आता आजींचा शब्द. तुमच्या पत्रात दोनदा आलाय, ‘गलबत बुडालं’. तुम्ही तो सहज लिहिलात, पण मला तो सगळ्यात मोलाचा वाटला. आजींनी तो प्रत्यक्ष त्या बाईच्या तोंडून उचललेला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या माणसाला गलबत आणि आगबोट यांतला फरक आपल्यापेक्षा चांगला कळायचा. एक शिडाचं, एक धुराचं. विजेचे दिवे लावलेल्या आगबोटीला त्या काळची बाई गलबत म्हणाली असती असं मला वाटत नाही. घरातली म्हातारी माणसं मचवा म्हणतात, पडाव म्हणतात, फतेमारी म्हणतात, की आगबोट, हे मी नेहमी आधी विचारतो. पुढच्या पिढ्यांत त्या शब्दावर दुसऱ्या बोटी येऊन बसतात. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतल्या जुन्या गोष्टी ‘रामदास’सारख्या सांगितल्या जाऊ लागल्या. तुमच्या आजींनी मात्र ‘गलबत’ सोडलं नाही.

मग रस्ता बघा. वाईचा माणूस हळद घेऊन द्वारकेच्या बोटीवर कशाला असेल? द्वारकेची यात्रा हे एक कारण होऊ शकतं, आणि कार्तिकात यात्रेकरू असतातही, पण पोती घेऊन कुणी यात्रेला जात नाही. १८७६ साली आंबेनळीचा गाडीरस्ता, तेव्हाचा फिट्झेराल्ड घाट, झाला आणि वाई-महाबळेश्वरकडचा माल पोलादपूरवरून महाडला उतरायला सोपा झाला. महाडहून सावित्रीच्या खाडीनं दासगाव, पुढं बाणकोट आणि तिथून समुद्रानं मुंबई. कराड-पाटणचा माल तसाच कुंभार्ली घाटानं चिपळूणला जायचा. १८८० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याहून मिरजेकडे रेल्वे आली आणि ही घाटउतरण हळूहळू कमी झाली. त्यामुळं पोती, गलबत आणि वाई हे तीन शब्द एकत्र आले की माझी नजर आधी बाणकोटच्या खाडीच्या तोंडाकडे जाते. गलबतांचा हंगाम नारळी पौर्णिमेनंतर सुरू व्हायचा आणि कार्तिकात तो भरात असायचा. त्याच दिवसांत अरबी समुद्रात पावसाळ्यानंतरची वादळंही येतात. कुणी मला आषाढातली तिथी सांगून गलबत बुडालं म्हटलं, तर मी आधी तिथीवरच शंका घेतो. तुमच्या कार्तिकावर घेणार नाही.

वर्षाचा हिशेब असा. १९६१ मधून ८३ वजा केले की १८७८. त्यात पाच मिळवले की १८८३. गावाकडं म्हाताऱ्या माणसाचं वय अंदाजानं सांगायची रीत होती, त्यामुळं दोन्ही बाजूंना पाचेक वर्षं धरा. १८७८ ते १८८८. ‘विजली’ या पट्ट्याच्या अगदी कडेला येते. बाद होत नाही, पण पुढंही येत नाही.

हा पट्टा कमी कसा करायचा? तुमच्या घरातल्या त्या बाईंकडून. त्यांनी बारा वर्षं कुंकू पुसलं नाही, ही गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी, मायेनं पण जाता जाता लिहिलीत. शोधाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा धागा हाच आहे. बेपत्ता माणसाची वाट बारा वर्षं पाहायची आणि मग पळसाच्या पानादेठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, हा पालाशविधी. त्यासाठी आणि अपमृत्यू झालेल्यासाठीच्या नारायणबळीसाठी आपल्याकडचे लोक बहुतेक करून त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला जात. म्हणजे प्रेत आलं नाही, हे तर झालंच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्यांना बुडताना पाहिलेला एकही माणूस परत येऊन सांगू शकला नाही. तांडेल, म्हणजे गलबताचा म्होरक्या, वाचला असता, बरोबरचा व्यापारी वाचला असता, तर बारा वर्षं थांबायचं कारण नव्हतं. त्यामुळं सगळ्या माणसांसकट गेलेलं गलबत, किंवा ते नक्की कुठल्या गलबतावर चढले हेच घराला न कळणं, या दोनपैकी एक.

आणि हा विधी झाला असेल तर तो लिहिलेला असण्याची चांगली शक्यता आहे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडं गावावार, आडनाववार वह्या आहेत. तुमच्या गावचे उपाध्ये कोण, हे तिथं गेल्यावर दोन ठिकाणी विचारलं की कळतं. वहीत आलेल्या माणसाचं नाव, बापाचं, आज्याचं, भावांचं नाव, कशासाठी आले ते आणि तिथी असते, खाली सही किंवा निशाणी. तुमचा पट्टा १८७८ ते १८८८, त्यात बारा मिळवा : १८९० ते १९००. तेवढीच पानं नीट बघायची. पणजोबा तेव्हा वयात येत होते, म्हणजे विधी त्यांच्याच हातून किंवा चुलत्याच्या हातून झाला असेल. जावळीतल्या एका घराचा शोध मी असाच लावला. वहीत शके १८०७ ची नोंद मिळाली, बारा वजा केले, माणूस निघाल्याचं साल शके १७९५, म्हणजे इसवी १८७३ आलं, आणि घरातल्या तीन वेगवेगळ्या कहाण्यांतल्या दोन तिथल्या तिथं गळून पडल्या. वही वाचायला बसताना दक्षिणा द्या, घाई करू नका, आणि फोटो विचारून काढा.

दुसरी जागा महसुली दप्तर. धर्मशास्त्रानं बारा वर्षं सांगितली, तर १८७२ च्या पुरावा कायद्यानं सात. सात वर्षं ज्याची काही खबर नाही, तो मेला असं कोर्ट धरू शकतं. म्हणून अशा माणसाच्या नावावरची जमीन पुढच्या नावावर व्हायला वेळ लागायचा, आणि नोंद मृत्यूच्या सालात शोधली तर मिळतच नाही. ती सात, बारा, कधी वीस वर्षं पुढं असते. साताऱ्यात १८४८ ला संस्थान खालसा झाल्यावर इंग्रजी पद्धतीची मोजणी झाली, पुढं फेरमोजणी झाली. तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात कडईपत्रक, सूडपत्रक, शेतवार पत्रक या जुन्या जमीननोंदींच्या नकला मागा. १९०३ च्या हक्कनोंदीच्या कायद्यानंतर फेरफार सुरू झाले, त्यातले गावचे अगदी पहिले फेरफार बघा. तिथं वारसाच्या नोंदीत ‘अ. पा. क. आई’ दिसलं तर समजा, अज्ञान मुलाची पालनकर्ती आई. मूल तेव्हा मोठं झालं असेल तर हा शेरा नसेल, पण नुसतं बापाचं नाव तरी असेलच. गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात खापरपणजोबा सापडणार नाहीत, कारण ते गावात वारले नाहीत. तिथं त्या बाईंचा मृत्यू शोधा. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळं ही जुनी मोडी दप्तरं मोठ्या प्रमाणात बाहेर निघाली आणि स्कॅन झाली. दहा वर्षांपूर्वी ज्यासाठी मी आठ-आठ दिवस कचेरीत बसायचो, ते आता पुष्कळदा एका खेपेत दिसतं.

एक सूचना. जुन्या कागदात ‘समुद्रात बुडून मयत’ असं लिहिलेलं शोधत बसू नका. बेपत्ता माणसाला ‘परागंदा’ लिहिलेलं असतं. हा शब्द वाचून घरची माणसं दुखावतात, आपला पूर्वज कर्ज बुडवून पळाला असं त्यांना वाटतं. तसं मनात आणू नका. कारकुनाला एवढंच सांगायचं असे, की इसम गावात नाही आणि ठिकाणा लागत नाही.

सालं वाचताना : शके असेल तर ७८ किंवा ७९ मिळवा, फसली, म्हणजे महसुली साल, असेल तर ५९० किंवा ५९१, सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीतलं अरबी साल, असेल तर ५९९ किंवा ६००. अंकाच्या आधी काय लिहिलंय ते नीट न पाहिल्यामुळं दहा वर्षांची चूक होते, आणि तुमचा सगळा पट्टाच दहा वर्षांचा आहे.

साल दोन-तीन वर्षांपर्यंत आलं, की मग समुद्राकडं वळायचं. मुंबईच्या पुरालेखागारात मरीन खात्याचे खंड आहेत. गलबतांवरच्या उतारूंच्या नावांची यादी कुणी करत नसे, त्यामुळं नावाची अपेक्षा ठेवू नका. गलबत, बंदर आणि तारीख मिळाली तरी खूप झालं. त्याहून जास्त आशा वर्तमानपत्रांत. साताऱ्याचं ‘शुभसूचक’, रत्नागिरीचं ‘सत्यशोधक’, पुण्याचं ‘ज्ञानप्रकाश’, १८८१ पासून ‘केसरी’, मुंबईचं ‘टाइम्स’. किनाऱ्यावर गलबत फुटलं की रत्नागिरीच्या पत्रात दोन ओळी यायच्या. ‘विजली’चीच खात्री करायची असेल, तर नोव्हेंबर-डिसेंबर १८८८ चं ‘मुंबई समाचार’ बघावं लागेल. ते गुजराती आहे, वाचणारा सोबत न्या. बसायच्या आधी सातारा, कुलाबा (आजचा रायगड) आणि रत्नागिरी या तिन्ही जिल्ह्यांची जुनी गॅझेटियरं वाचून घ्या. १८८० ते १८८५ या वर्षांतली आहेत, नेमकी तुमच्या काळातली. कुठल्या घाटानं कुठला माल कुठल्या बंदरात जायचा, ते त्यांत मिळतं.

ज्यांची कहाणी वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडं. पूर्वज ‘मोरसला गेला’ असं घरात म्हणत असतील, तर मोरस म्हणजे मॉरिशस. मोरस साखर हा शब्द तिथूनच आला. तिथल्या मजुरांच्या नोंदी मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत आहेत, त्यांत बापाचं नाव, वय, जात आणि गावही असतं. सातारा ‘सुत्तारा’ असा लिहिलेला सापडला तर दचकू नका. पूर्वज ब्रिटिश कंपनीच्या बोटीवर खलाशी असेल, तर लंडनच्या राष्ट्रीय पुरालेखागारात आणि कॅनडात न्यूफाउंडलंडच्या विद्यापीठात खलाशांचे करारनामे आहेत. १८९७ मध्ये सोकोत्रा बेटापाशी ‘एडन’ फुटली, तशा बोटींवर हिंदी खलाशी होतेच. आणि घरात ‘काळ्या पाण्याला नेताना बुडाला’ असं काही ऐकलं असेल, तर एप्रिल १८४७ मध्ये मलबारच्या किनाऱ्यापुढं कैद्यांसकट बुडालेली ‘क्लिओपात्रा’ ही सरकारी आगबोट बघा. ती मुंबईहून कैदी घेऊन सिंगापूरला निघाली होती. सांगली-मिरजेकडच्यांनी एक लक्षात ठेवावं : तासगाव, खानापूर, वाळवा हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते आणि सांगली, मिरज, जत ही संस्थानं. आजच्या जिल्ह्याच्या नावानं कागद मागितला तर तो मिळत नाही.

आता तुमच्या ट्रंकेतला कागद. तुम्ही पाठवलेला फोटो फ्लॅशनं काढलाय, त्यामुळं शाई चमकलीय आणि अक्षर गेलंय. सकाळी खिडकीपाशी, तिरप्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढा. घडी जबरदस्तीनं उलगडू नका, आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी तर मुळीच लावू नका. राणीचं डोकं असलेला स्टॅम्प दिसतोय, म्हणजे हा दस्त आहे. पाठची बाजूही पाठवा. स्टॅम्प विकणाऱ्यानं तिथं तारीख आणि कागद कुणी घेतला त्याचं नाव लिहिलेलं असतं, आणि ते अक्षर बरेचदा पुढच्यापेक्षा सुटं असतं. मजकुरात नावांच्या मध्ये ‘बिन’ दिसलं तर अमक्याचा मुलगा, ‘कोम’ दिसलं तर अमक्याची बायको.

आणि एक फोटो फक्त कागदाच्या तळाचा, अगदी जवळून. तुमच्या अस्पष्ट फोटोत उजव्या कोपऱ्यात एक लहानसं वाटोळं दिसतंय. शेतकरी माणूस सही येत नसेल तर नांगर काढायचा, बाया बांगडी काढायच्या. ते वाटोळं बांगडी असेल, तर हा दस्त त्या बाईंनी केलेला आहे, आणि लिहिणाऱ्यानं निशाणीला लागूनच त्यांचं नाव लिहिलेलं असेल. तुमच्या चार पानांच्या पत्रात त्यांचं नाव कुठंच नाही. ते मिळालं की वहीत, फेरफारात आणि कोतवाल बुकात काय शोधायचं, ते मी तुम्हाला नेमकं सांगू शकेन.